आकाशाचे भांडवल

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव उच्चारताच सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तुर्भ्याच्या अणुभट्टीचा घुमट उभा राहतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या घुमटाच्या छायेत भाभांच्या कार्यातील एक प्रकरण झाकोळून गेले आहे. ते प्रकरण अणूचे नाही, फुग्यांचे आहे. तीस-पस्तीस किलोमीटर उंच जाणाऱ्या, कागदासारख्या पातळ आवरणाच्या त्या प्रचंड फुग्यांच्या मागे एक विचार होता. दरिद्री देशाने विज्ञानावर पैसा खर्च करावा काय, आणि करावयाचा तर कोठे, या प्रश्नाला तो विचार उत्तर देतो. हा प्रश्न आजही संपलेला नाही. म्हणून त्या विचाराची आणि त्याबरोबर येणाऱ्या एका ऋणाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

मनुष्याला उंचीचे आकर्षण फार जुने. १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज बलूनपटू हिंदुस्थानात आला आणि बलूनमधून हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी टाकण्याचे त्याचे प्रयोग पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी रामचंद्र चटर्जी या बंगाली कसरतपटूने कलकत्त्यात एकट्याने बलूनमधून उड्डाण करून दाखविले. त्या काळी हा तिकीट लावून दाखवावयाचा खेळ होता. त्याला शास्त्राचे गांभीर्य आले ते युरोपात. १९१२ साली व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ विद्युत्मापक घेऊन बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर गेला. जमिनीपासून दूर जावे तसा किरणोत्सर्ग कमी व्हावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो वाढत गेला. पृथ्वीबाहेरून येणाऱ्या या किरणांना पुढे विश्वकिरण हे नाव मिळाले आणि हेसला १९३६ साली नोबेल पारितोषिक लाभले.

त्यानंतर साहसाची जणू स्पर्धाच लागली. १९३१ साली ओग्युस्त पिकार याने हवाबंद गोलकात बसून पावणेसोळा किलोमीटरची उंची गाठली. १९३४ च्या जानेवारीत रशियाचे एक बलून बावीस किलोमीटरपर्यंत पोहोचले. परंतु परतीच्या वाटेवर गोलक तुटून कोसळला आणि आतील तिघेही प्राणास मुकले. १९६० साली अमेरिकी हवाई दलाच्या जोसेफ किटिंजरने सुमारे एकतीस किलोमीटर उंचीवरून उडी घेतली. मुख्य हवाई छत्री उघडण्यापूर्वी तो साडेचार मिनिटांहून अधिक काळ खाली येत होता. अतिउंचीवरील विमानातून वैमानिकाला जिवंत परत येता येईल काय, हे त्या उडीने तपासले गेले. या माणसांच्या धैर्यापुढे कोणाचीही मान लवेल. तथापि त्या धैर्याला लागणारा खर्चही तसाच उत्तुंग होता, हे विसरता येत नाही. हवाबंद गोलक, प्राणवायू, खास पोशाख आणि यांहूनही मोलाचा मनुष्याचा जीव, एवढे सारे पणाला लावण्याची ऐपत मोजक्याच राष्ट्रांपाशी होती.

भाभांनी निवडलेली वाट निराळी होती. त्यांच्या फुग्यांखाली मनुष्य कधी लटकला नाही. लटकत असत त्या काचा, नळ्या आणि मोजमापाची यंत्रे. काम संपल्यावर हवाई छत्रीने खाली उडी घेत ती यंत्रेच. या निवडीचे मर्म कळण्यासाठी भाभांच्या जडणघडणीकडे वळावे लागते.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईच्या एका सुखवस्तू पारशी कुटुंबातला. वडील जहांगीर हे कायदेपंडित. आजोबा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. आत्याच्या घरी लहानग्या होमीचे वरचेवर जाणे असे, आणि तेथे वडीलधाऱ्यांच्या तोंडी पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि रसायने यांच्याच योजना असत. एखादे राष्ट्र उद्योगाने कसे उभे राहते, याचे पाठ या मुलाला असे घरबसल्या मिळाले.

त्या योजनांपैकी एकीचे नाव महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी खोऱ्यात मुळा नदी अडवून, तिचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडून मुंबईसाठी वीज निर्माण करावयाची, ही योजना टाटांच्या वीज कंपनीची. पन्नासहून अधिक गावे आणि आंबेमोहोर भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती याच लढ्यात. लढा हरला, धरण झाले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी सतरा वर्षांचा होमी केंब्रिजला रवाना झाला. हा केवळ योगायोग. परंतु या दोन घटनांचा धागा पुढे जुळतो, म्हणून तो येथे नोंदवून ठेवणे बरे.

मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा. होमीचे मन मात्र भौतिकीत गुंतले. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळव, मग गणिताचा खर्चही देऊ, असा सौदा वडिलांनी केला आणि मुलाने तो १९३० साली पुरा करून दाखविला. १९३५ मध्ये डॉक्टरेट झाली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीविषयीचे त्यांचे गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. आकाशातून आलेला एकच वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणूंवर आपटून प्रकाशकण निर्माण करतो, त्या प्रकाशकणातून नवे कण जन्मतात, त्यांतून आणखी. अशा रीतीने एकाचे सहस्र होऊन जमिनीवर कणांचा शिडकावा होतो. या उपपत्तीतून एक व्यावहारिक निष्कर्षही निघत होता. जमिनीवर उभे राहून आपण मोजतो ती फुटलेल्या मडक्याची खापरे. मूळ मडके पाहावयाचे तर वातावरणाच्या माथ्यावरच गेले पाहिजे. तीस किलोमीटर उंचीवर गेले की सुमारे ९९ टक्के हवा पायाखाली राहते.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मायदेशी आले असताना महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात त्यांनी प्रपाठकाची जागा स्वीकारली. त्याच हिवाळ्यात अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन आपल्या सहकाऱ्यांसह हिंदुस्थानात आले होते. त्यांनी बंगलोर, आग्रा आणि पेशावर येथून यंत्रे बांधलेले फुगे सोडले. एवढ्या दूरवर येण्याचे कारण काय, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर पृथ्वीच्या चुंबकत्वात आहे.

विश्वकिरण हे बव्हंशी विद्युतभारित कण असतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळविते. ध्रुवांकडे दुबळे कणही आत शिरतात. भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ मात्र फक्त बलदंड कणांनाच प्रवेश मिळतो. दक्षिण भारत या विषुववृत्ताच्या अगदी निकट आहे. तेथे सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टहून कमी ऊर्जेचे प्रोटॉन सरळ वरून येऊच शकत नाहीत. याचा अर्थ असा की, उच्च ऊर्जेचे कण वेगळे काढणारी एक नैसर्गिक चाळणी या भूमीच्या माथ्यावर बसविलेली आहे. तीही फुकट. अमेरिका वा युरोपला ती कितीही डॉलर मोजून आपल्या घरी नेता येणार नव्हती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी ज्याला तुलनात्मक लाभ म्हणतो, तो हाच. बंगालला ताग आणि आसामला चहा लाभला, तसे भारताला हे आकाश लाभले होते. भांडवल अपुरे, यंत्रसामग्री तुटपुंजी, प्रशिक्षित माणसे थोडी. अशा देशाने श्रीमंतांच्या मैदानात जाऊन त्यांच्याशी झुंज घेणे हा शहाणपणा नव्हे. निसर्गाने जेथे आपल्याला दोन पावले पुढे उभे केले आहे तेथेच शर्यत लावावी, हे सूत्र भाभांच्या साऱ्या विज्ञाननीतीत दिसते. १९४४ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून सुमारे तीस हजार फुटांपर्यंत मापकयंत्रे पाठवून त्यांनी या शर्यतीचा प्रारंभही केला. पुढे त्यांच्या संस्थेने वर आकाशात फुगे सोडले तसेच कोलारच्या सोन्याच्या खोल खाणीतही मापक उतरविले. १९६५ साली तेथे वातावरणातील न्यूट्रिनोंचा जो माग लागला, तो जगातील अगदी पहिल्या निरीक्षणांपैकी एक होय. उंच आकाश व खोल खाण, दोन्ही या भूमीचीच देणगी.

या सूत्राला घर हवे होते. १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याचा प्रस्ताव मांडला. काही दशकांत अणुऊर्जेचा उपयोग होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला परक्यांच्या दारी जावे लागू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४५ च्या जूनमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरला सुरू झाली आणि डिसेंबरात मुंबईस आली. पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्याचा अर्धा भाग हे तिचे पहिले बिऱ्हाड. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक ऐंशी हजार रुपयांचे: टाटा निधीचे पंचेचाळीस, मुंबई सरकारचे पंचवीस आणि हिंदुस्थान सरकारचे दहा हजार. आज हे आकडे वाचताना गंमत वाटते; परंतु एका विश्वस्त निधीने आधी पाऊल टाकले, म्हणून सरकार मागोमाग आले, हा त्यांतील धडा गमतीचा नाही.

आरंभी रबरी फुग्यांचे घोस बांधून त्यांखाली खास छायाचित्रण पायसाच्या काचा पाठवीत. विश्वकिरणातील कण त्या पायसातून जाताना आपली वाट कोरून ठेवी. काचा परत आल्या की मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाटा तासन् तास वाचल्या जात. १९५१ च्या सुमारास बर्नार्ड पीटर्स या संस्थेत आले. विश्वकिरणांत जड अणुकेंद्रके असतात हे फुग्यांच्याच साहाय्याने उघड करणाऱ्या अमेरिकेतील चमूंपैकी ते एक. राजकीय संशयाच्या वातावरणामुळे अमेरिका त्यांना नकोशी झाली आणि त्यांच्या ज्ञानाचा लाभ भारताला झाला. देवेंद्र लाल, यश पाल यांच्यासारखे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९५५ साली मेनन यांची भर पडली.

खरी कसोटी होती ती पुढे. रबरी फुगा वर जाऊन फुटतो. एका ठरावीक उंचीवर तासन् तास तरंगत राहावयाचे तर पातळ पॉलिथिनचा फुगा हवा. तो अमेरिकेत बनत होता. मग विकत का घेऊ नये? कारण आकाश आपले निराळे. आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींवरून डॉ. के. आर. रामनाथन यांनी १९२९ सालीच दाखवून दिले होते की, वातावरणातील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर, सुमारे सतरा किलोमीटर उंचीवर आहे. १९२८ साली पुण्यास आलेल्या हवामान खात्याच्या थोर संशोधकांपैकी ते एक. उणे ऐंशी अंश आणि त्याहूनही खाली उतरणाऱ्या त्या थरातून जाताना परदेशी पॉलिथिन ठिसूळ होऊन तडकत असे. जी भूमी फुकट चाळणी देते, तीच फुग्यांवर हा करही बसविते. म्हणून थंडी सोसणारे पॉलिथिन निवडणे, त्याच्या पट्ट्या उष्णतेने अचूक सांधणे आणि प्रत्येक सांधा तपासणे हे काम संस्थेने स्वतः अंगावर घेतले. गोखले, रेडकर यांसारख्या अभियंत्यांनी त्यात वर्षे वेचली. हेलियम महाग, म्हणून ज्वालाग्राही असूनही स्वस्त असा हायड्रोजन सावधगिरीने वापरावयाचा, हेही ठरले. गरजेतून आलेला हा निर्णय पुढे कौशल्य बनला.

१९५९ नंतर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरातून मोठी उड्डाणे होऊ लागली. हैदराबाद निवडण्याचे कारणही भूगोलात आहे. फुगा पूर्वेस वाहो वा पश्चिमेस, यंत्रे समुद्रात न पडता जमिनीवरच उतरतात. आणि जमिनीवर म्हणजे कोठे? शेतात. ज्वारीच्या, भाताच्या, भुईमुगाच्या शेतात. पेटीवर स्थानिक भाषांत मजकूर असे: ही वस्तू धोक्याची नाही, सापडल्यास कळवावे, बक्षीस मिळेल. ज्याच्या बांधावर ती पेटी पडली, त्याने ती फोडली वा विकली असती तर महिन्यांची मेहनत मातीमोल होती. या संशोधनाच्या यशाची अखेरची कडी एका शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणात होती, ही गोष्ट कोणत्याही शोधनिबंधात येत नाही.

भाभांवर टीका करण्यास जागा नाही असे नव्हे. संशोधनाचा पैसा व बुद्धिमत्ता विद्यापीठांबाहेरच्या मोजक्या संस्थांत एकवटली, आणि विद्यापीठे मात्र परीक्षा घेणारी कचेरी बनत गेली. मेघनाद साहांनी असे धोके वेळीच बोलून दाखविले होते. अणुऊर्जेच्या वाट्याला आलेल्या पैशाच्या मानाने विश्वकिरणांचे बजेट किरकोळ होते. तुर्भ्यातील खर्चाचा हिशेब गुप्ततेच्या पडद्याआड राहिला, तसा फुग्यांचा राहिला नाही. किंबहुना भाभांच्या दोन कार्यांतील हा भेदच बोलका आहे. ज्या कामात खर्च बेताचा, फळ उघड आणि भूगोल अनुकूल होता, त्या कामात भारत जगाच्या बरोबरीने उभा राहिला. जेथे गुप्तता आणि प्रतिष्ठा शिरली, तेथे यशापयशाचे मोजमाप करणेही अवघड झाले.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान युरोपातील माँ ब्लां पर्वतावर आदळले. त्यातील ११७ जणांत भाभा होते. वय अवघे छप्पन्न. चित्रे काढणारा, संगीताचा दर्दी, इमारतीसाठी झाड तोडण्याऐवजी ते मुळासकट दुसरीकडे हलविणारा हा रसिक अविवाहितच राहिला होता. परंतु त्यांच्या पश्चात फुगे थांबले नाहीत. १९७० च्या आसपास हैदराबादेत कायमचे बलूनकेंद्र उभे राहिले. विश्वकिरणांमागोमाग क्ष-किरणांचे आणि अवरक्त किरणांचे खगोलशास्त्र तेथून आकाशात चढले. २०१५ साली सोडलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील क्ष-किरण मापकांचा वारसा याच फुग्यांवरील प्रयोगांपर्यंत मागे नेता येतो. फुग्यावर शिकलेली कला उपग्रहावर फळास आली.

आता मागे नोंदविलेल्या धाग्याकडे वळू. ज्या निधीच्या पंचेचाळीस हजारांवर या साऱ्याचा पाया घातला गेला, तो १९३२ साली निवर्तलेल्या सर दोराबजींनी मागे ठेवलेल्या संपत्तीचा. तिच्या उगमाशी कापड होते, पोलाद होते आणि वीजही होती. त्यात मुळशीच्या पाण्याचा अंश किती, याचा हिशेब मांडता येणार नाही. दोराबजींनी आपले सर्वस्व लोकांसाठी दिले, हेही तितकेच खरे. परंतु मुळशीत नुकसानभरपाईचा पैसा आला तेव्हा बराचसा सावकारांच्या आणि जमीनमालकांच्या पदरी पडला. जो मावळा खाचरात राबत होता, त्याच्या वाट्याला विस्थापन आले. मुंबईच्या दिव्यांचे मोल त्याने दिले, आणि त्याचे नाव कोणत्याही देणगीच्या फलकावर नाही.

देशातील मूलभूत विज्ञान अशा अनामिक देणेकऱ्यांच्या पैशावर चालते, मग तो पैसा विश्वस्त निधीतून येवो वा करातून. म्हणून विज्ञानावर खर्चच करू नये, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. भाभांच्या फुग्यांनी दाखविले ते असे की, निवड शहाणपणाने केली, साधने स्वतः घडविली आणि पैशाचा हिशेब उघड ठेवला, तर गरीब देशाचा खर्चही सत्कारणी लागतो. मात्र या तीन अटींना चौथी जोडावी लागेल. ज्यांच्या जमिनीच्या आणि घामाच्या आधाराने हे ज्ञान उभे राहिले, त्यांच्या मुलांच्या शाळेपर्यंत ते पोहोचले पाहिजे. आज पुणे जिल्ह्यातच खोडदजवळ टाटा संस्थेची प्रचंड रेडिओ दुर्बीण शेतांच्या मधोमध उभी आहे. तिच्या पायथ्याशी वाढणाऱ्या आणि मुळशीच्या काठावर उरलेल्या वाड्यावस्त्यांतील विद्यार्थ्याला आपल्या डोक्यावरचे आकाश हे देशाचे भांडवल आहे, हे कळले, तर ते ऋण थोडे तरी फिटेल.